अकरा चाळीसची रेघ

चौतीस वर्षांच्या नोकरीत वहीवाली कामावर असताना फक्त एकदा खाली बसली, आणि त्या एका बसण्याने तिने जो घोळ घातला तो उभं राहून चौतीस वर्षांत घातला नव्हता. ही गोष्ट त्या बसण्याची आहे. पण आधी तिच्या उभं राहण्याबद्दल सांगायला हवं, नाहीतर एक बाई जमिनीवर बसली यात एवढं काय, असं कुणालाही वाटेल.

वर्तमानपत्रात लागली तेव्हा ती चोवीस वर्षांची होती. पहिल्याच आठवड्यात तिला भाडेकरूंच्या धरण्यावर पाठवलं, आणि निघता निघता म्हाताऱ्या संपादकांनी चष्म्यावरून बघत तिला थांबवलं.

"हे बघ पोरी, धरणं म्हणजे बसणाऱ्यांचं काम. तिथे उभे असतात ते दोघंच. एक पोलीस आणि एक आपण. तू बसलीस की त्यांची झालीस. मग पुढे कितीही खरं लिही, लोक म्हणणार, तिचं काय, ती त्यांच्यातलीच."

म्हातारा पुढे निवृत्त झाला, त्याच्या खुर्चीत तीन जण बसून गेले, तळघरातला छापखाना शहराबाहेर गेला, टाइपरायटरचा खडखडाट बंद होऊन सगळे काचेच्या पडद्याकडे बघत गप्प बसायला लागले; पण वहीवालीने तो नियम काही सोडला नाही. धरणं चार तासांचं असो की चार दिवसांचं, ती उभी. पाण्याची बाटली खांद्यावर, पेन्सिल कानामागे आणि हातात ती लांबट वही. लोक तिचं नाव विसरत, वही विसरत नसत. म्हणून ती वहीवाली.

वहीत तिची एक पद्धत होती. उजव्या पानावर कोण काय बोललं ते, आणि डाव्या पानावर कुणाचे हात काय करत होते ते. नव्याने लागलेल्यांना हे फार विचित्र वाटे. पण त्यामागे त्याच पहिल्या धरण्याची हकिगत होती. भाडेकरूंमध्ये एक हमाल होता, मनगटं ही एवढी, आणि घरमालकाचा माणूस समोर येऊन वाट्टेल ते बोलत होता. हमालाच्या मुठी वळायला लागल्या. तेवढ्यात शेजारच्या एका आजीने त्याच्या एका हातात आपली छत्री दिली, दुसऱ्यात पिशवी दिली आणि म्हणाली, "जरा धर रे, माझी कंबर दुखतेय." बिचारा दोन तास छत्री आणि पिशवी धरून उभा राहिला. त्याचं तोंड लालबुंद झालं होतं, पण हातांना सवड नव्हती. आजीची कंबर ठणठणीत होती हे वहीवालीने स्वतः पाहिलं. संध्याकाळी ती मजेत टुणटुण चालत घरी गेली.

त्या दिवशी वहीवालीला जे कळलं ते पुढे तिने जन्मभर लिहिलं. अहिंसा, अहिंसा म्हणून लोक व्यासपीठावरून घसा कोरडा करतात, पण ती घशाने होत नाही. माणसाला राग येतोच, येऊ नये असं म्हणणारा एकतर साधू असतो किंवा त्याचं पोट भरलेलं असतं. प्रश्न एवढाच की त्या वेळी हातांना काय काम दिलंय. बसचे कंडक्टर मूक निदर्शनं करत होते तेव्हा दिवसभर कोऱ्या कागदांना भोकं पाडत बसले होते. ग्रंथपालांनी मागण्या मान्य होईपर्यंत फाटकी पुस्तकं चिकटवली. हे सगळं तिच्या डाव्या पानांवर होतं, आणि रविवारच्या अंकात ते छापून यायचं तेव्हा भाषणांच्या बातम्या न वाचणारेही तेवढं वाचायचे.

घरी तिचा नवरा पहिला वाचक. त्याचं चष्म्यांचं दुकान, घराच्याच खालच्या मजल्यावर. भिंग घासता घासता तो तिचा मजकूर वाचायचा आणि दरवेळी एकच म्हणायचा, "एक परिच्छेद काढ." कुठला ते मात्र कधी सांगायचा नाही. ती चिडायची, वर जायची आणि एक परिच्छेद काढायची. मुलगी दुसऱ्या गावी पोहायला शिकवायची. तिचा फोन आला की विषय गुडघ्याचा. "आई, उभंच राहायचं असेल तर पाण्यात उभी राहत जा, गुडघ्यावर भार येत नाही." वहीवाली म्हणायची, "बघते, पुढच्या वेळी तलावात धरणं धरायला सांगते त्यांना." पगार बेताचा होता, बढती तिने दोनदा नाकारली होती, कारण बढती म्हणजे खुर्ची. तरी सकाळी वही पिशवीत टाकून बाहेर पडताना तिला जसं हलकं वाटे तसं वाटणारी माणसं त्या कचेरीत फार नव्हती.

उभं राहण्याची किंमत तिने एकदा चांगलीच मोजली होती. गोदीच्या फाटकावरच्या निदर्शनात ढकलाढकली झाली आणि एका कामगाराने पोलीस हवालदाराच्या तोंडावर कोपर मारलं. पुढचा दात तुटला. निदर्शकांचं म्हणणं होतं, हवालदार घसरून पडला. वहीवालीच्या डाव्या पानावर कोपर होतं. तिने कोपर छापलं. वर्षभर एकही पुढारी तिच्याशी बोलला नाही. समोरून आली की माणसं रस्ता बदलत. ती दुखावली, रडली सुद्धा, पण एका शब्दाने माघार घेतली नाही. वर्षभराने त्याच पुढाऱ्यांवर दगडफेकीचा खोटा आळ आला तेव्हा तिच्या डाव्या पानामुळे ते सुटले, आणि मग सगळे पुन्हा रस्त्याच्या याच बाजूने चालायला लागले. त्या हवालदाराने मात्र पोलादी दात बसवून घेतला आणि तेव्हापासून कुठल्याही धरण्यावर भेट झाली की तो दाखवून म्हणायचा, "बाई, माझा दात छापलात तुम्ही." वर्षानुवर्षं हे दोघे समोरासमोर उभे. एकमेकांच्या पायांची चौकशी करणारी जगात तीच दोन माणसं असावीत.

आता त्या बसण्याकडे येऊ.

मोठ्या सरकारी इस्पितळाच्या मागच्या अंगाला लॉन्ड्री होती. बावीस बायका तिथे चादरी, उशांचे अभ्रे, शस्त्रक्रियेचे कपडे धूत. कपडे पिळायचं यंत्र वर्षभर बंद पडलेलं होतं आणि धुण्याच्या द्रावणाने हातांची सालटं निघत होती. मागणी साधी होती: यंत्र दुरुस्त करा आणि रबरी हातमोजे द्या. अर्ज करून करून थकल्यावर बायका मागच्या अंगणात धरण्याला बसल्या. निम्म्या बसायच्या आणि निम्म्या काम करायच्या असा त्यांचा बेत होता, म्हणजे रुग्णांना चादर कमी पडायला नको. पण इस्पितळाने लॉन्ड्रीला कुलूप लावलं आणि कपडे बाहेर धुवायला दिले, तेव्हा बावीसच्या बावीस येऊन बसल्या.

कुलूप लागण्याआधी वहीवाली एक दिवस आत जाऊन आली होती. यंत्र नसल्यामुळे दोघी दोघी मिळून चादर पिळत होत्या. एकीने एक टोक धरायचं, दुसरीने दुसरं, उलट्या बाजूंनी पीळ द्यायचा आणि मग अंगाचा सगळा भार मागे टाकून ओढायचं. फरशी ओली, साबणाची. एकीने मध्येच टोक सोडलं तर समोरची उताणी पडलीच. तशी एक पडून कंबर मोडून घरी बसलेली होती. म्हणून लॉन्ड्रीत पहिल्या दिवशी शिकवतात ते धुणं नव्हेच. सोडायच्या आधी "सोडते" म्हणायचं, आणि समोरचीने पाय रोवून "हं" म्हटल्याशिवाय सोडायचं नाही. आग लागली तरी. वहीवालीने ते डाव्या पानावर लिहून घेतलं, खाली दोन रेघाही मारल्या. लिहून घेतलेलं लक्षात राहतंच असं नाही, हे पुढे दिसेल.

धरण्यावर रोज अकरा ते बारा हा वाईट तास. त्या वेळी लॉन्ड्रीचा सुपरवायझर अंगणात येई आणि एकेकीला तिच्या नवऱ्यावरून, मुलांवरून, रूपावरून बोलत राही. एक जरी उठून अंगावर गेली असती तर त्याचं काम झालं असतं. बायकांमध्ये जी वयाने आणि आवाजाने मोठी होती, तिला सगळ्या मोठी म्हणत. मोठीने तोड काढली. अकरा वाजले की बावीस जणींनी अंगणातल्या दिव्याच्या खांबाभोवती गोल करून बसायचं, तोंडं आत, आणि प्रत्येकीने दोन्ही बाजूंच्या हाताला घट्ट धरून जरा मागे रेलायचं, चादर ओढतात तसं. गोलाला टोक नसतं, म्हणजे रिकामा हात उरत नाही. सोडायचा नियम तोच, लॉन्ड्रीतला. एकीच्या नाकावर माशी बसली तरी ती "सोडते" म्हणे, दोन्हीकडून "हं" येई, आणि मगच माशी उडे.

नवव्या दिवशी वहीवालीचा गुडघा सुजून नारळाएवढा झाला होता. त्या दिवशी सुपरवायझर लवकरच आत निघून गेला, तरी गोल तसाच होता; साडेअकरापर्यंत तिने तग धरला. मग डोळ्यांपुढे अंधारी आली आणि ती हलली. गोलातून मोठीचा आवाज आला.

"ए वहीवाली, बस खाली."

"मी बसत नसते."

"माहितेय मला तुझं. पण पडलीस तर उद्या बातमी तुझी येईल, आमच्या हातमोज्यांची नाही. नऊ दिवस बसलोय आम्ही. बस मुकाट्याने!"

असं म्हटल्यावर करते काय? मोठीच्या आणि मिरचीच्या मध्ये जागा झाली आणि वहीवाली बसली. मिरची म्हणजे त्या सगळ्यांत तापट. आदल्याच दिवशी ती सुपरवायझरला सगळ्यांदेखत म्हणाली होती, "साहेबांच्या खोलीची काच फोडीन, मग कळेल." नुसतंच म्हणाली होती, पण म्हणाली होती. डावा हात मोठीकडे, उजवा मिरचीकडे, वही मांडीवर उघडी, पेन्सिल कानामागे. पाठीला असा काही आराम मिळाला की वहीवालीला स्वतःची लाज वाटली. आणि मग एक गोष्ट ध्यानात आली. इतकी वर्षं तिने हात वरून पाहिले होते. इथून सगळ्या हातांमागचे चेहरे दिसत होते. त्यांवर राग होता, हसू होतं, आणि एक जण चक्क पेंगत होती.

अकरा चाळीसला गोलापलीकडे उभ्या असलेल्या आपल्या हवालदाराने जांभई द्यायला सुरुवात केली, पोलादी दातासकट. आता हे टिपायला नको होतं काय? वहीवालीचा उजवा हात आपसूक सुटून कानामागे गेला. ती "सोडते" म्हणाली नाही, पेन्सिल काढून लिहायलाच लागली.

मिरची दुसऱ्या हातावर जरा डुलली आणि धाडकन उताणी पडली. गोलातून एकच ओरडा झाला. मिरचीने पडल्या पडल्या सापडेल ते धरलं, आणि सापडलं ते वहीवालीचं लिहितं मनगट. त्याच वेळी खळ्ळकन आवाज झाला. वर अधीक्षकांच्या खोलीची काच फुटली होती.

दगड कुणी मारला ते आजतागायत कुणाला कळलेलं नाही. इस्पितळाला मात्र दुसऱ्याच दिवशी कळलं. धरणं हिंसक झालं, दगड गोलातून आला, मिरचीने तर आधी धमकीही दिली होती. सबब बावीस जणी निलंबित. तीन आठवड्यांनी चौकशी बसली. अध्यक्ष एक निवृत्त न्यायाधीश. काच गोलातून फुटली हे सिद्ध झालं असतं तर बावीस घरांची चूल विझली असती, आणि त्या जागेवर असलेली बाहेरची माणसं दोनच: हवालदार आणि वहीवाली. हवालदाराने लेखी दिलं होतं की तो सावधपणे पहारा देत होता, पण दगड त्याला दिसला नाही.

चौकशीच्या आदल्या दिवशी संपादकांनी वहीवालीला खोलीत बोलावलं. हे चौथे संपादक, तिच्याहून दहा वर्षांनी लहान, तिच्याच हाताखाली शिकलेले, आणि मनाने चांगले. मागे त्यांनी दार लावून घेतलं.

"तुम्ही बसला होतात हे कुणाला माहीत आहे?"

"त्या बावीस जणींना. आणि हवालदाराला."

"त्या सांगणार नाहीत. तो विचारल्याशिवाय सांगणार नाही. तुम्ही उभ्या होतात एवढंच म्हणा. उभं राहून पाहिलंत की सगळे हात हातात होते. म्हणजे कुणाचा हात सुटला होता का हा प्रश्नच येत नाही. त्या सुटतील, तुमचं नाव राहील, आपल्या पेपरचंही राहील. यात नुकसान कुणाचं होणार?"

खरंच नुकसान कुणाचं नव्हतं, आणि अडचण तीच होती. खोटं बोललं तर सगळ्यांचं भलं. खरं बोललं तर तिच्या चौतीस वर्षांवर पाणी, आणि वर मिरचीचा हात नेमका त्या क्षणी मोकळा होता हे तीच, तिच्याच तोंडाने सांगणार. घरी आल्यावर तिने नवऱ्याला सगळं सांगितलं. त्याने भिंग खाली ठेवलं.

"या वेळी मी परिच्छेद काढायला सांगणार नाही," तो म्हणाला.

ती तशीच उठून मोठीकडे गेली. मिरचीही तिथेच होती, दोघी मिळून एक जुनी सतरंजी घडी करत होत्या. वहीवालीने उभ्याउभ्याच संपादकांचा सल्ला सांगितला आणि आपल्या मनातलंही सांगितलं. मोठीने मिरचीकडे पाहिलं.

"हात सुटला होता तो माझा," मिरची म्हणाली. "नोकरी पहिली जायची ती माझी. मग मला विचार ना."

"तुलाच विचारतेय."

"तू न सांगता सोडलंस, त्याचा मला अजून राग आहे. पाठ दुखते माझी. आता कोर्टात पुन्हा न सांगता सोडणार आहेस काय? जे झालं ते सांग. माझा हात कुठे होता ते तुझ्या मनगटाला विचार."

चौकशीच्या खोलीत लांब टेबल होतं, फिरणारा पंखा होता आणि मागच्या बाकांवर बावीस जणी. वहीवालीला साक्षीसाठी खुर्ची दिली. तिने ती घेतली, कारण गुडघा.

"घटनेच्या वेळी तुम्ही कुठे उभ्या होतात?" इस्पितळाच्या वकिलांनी विचारलं.

"उभी नव्हते. गोलात बसले होते. दोन्ही हात त्यांच्या हातांत देऊन."

वकिलांनी तोंडातला पुढचा प्रश्न गिळला. हे त्यांच्या कागदात नव्हतं.

"म्हणजे तुम्ही त्यांच्यातल्याच!"

"त्या दहा मिनिटांपुरती, हो."

खोलीत कुजबुज झाली. मागे प्रतिस्पर्धी पेपरचा बातमीदार भराभरा लिहायला लागला. चौतीस वर्षं जे जपलं ते असं एका वाक्यात गेलं, आणि तिला ते जाताना कळलं, दुखलंही. पण आवाज स्थिर राहिला. तिने पुढचंही सांगितलं: जांभई, पेन्सिल, न सांगता सोडलेला हात, उताणी पडलेली मिरची.

वकिलांचा चेहरा उजळला. "म्हणजे काच फुटली तेव्हा या बाईंचा हात मोकळा होता. ज्या बाईंनी आदल्या दिवशी काच फोडण्याची धमकी दिली होती, त्यांचाच."

"सुटला होता माझ्यामुळे. मोकळा नव्हता. माझ्या मनगटावर होता."

"कशावरून?"

"अक्षरावरून," ती म्हणाली आणि वही पुढे केली.

न्यायाधीशांनी डावं पान डोळ्यांजवळ धरलं. "अकरा चाळीस," ते मोठ्याने वाचू लागले. "हवालदार जांभ... जांभ काय?"

"जांभई देताहेत, असं लिहायचं होतं. तेवढ्यात या बाईंनी माझं मनगट धरलं."

'जांभ'पासून एक रेघ निघाली होती ती तिरकी होऊन पानाच्या कडेपर्यंत गेली होती, इतक्या जोरात की कागद फाटला होता. रेघेखाली दोन शब्द होते, शाळेत पहिल्यांदा पाटी धरलेल्या मुलासारखे वेडेवाकडे: काच फुटली.

"हे आवाज आला त्याच क्षणी लिहिलंय. तेव्हा या बाई माझ्या मनगटाला लटकलेल्या होत्या. वरचं माझं अक्षर बघा आणि हे बघा."

न्यायाधीशांनी मान वर केली. "त्या बाईंना पुढे बोलवा. जसं धरलं होतं तसं धरा. आणि तुम्ही लिहा."

मिरची आली, गुडघ्यांवर बसली आणि तिने अंगाचा सगळा भार टाकून वहीवालीचं मनगट धरलं. वहीवालीने दात आवळून कोऱ्या कागदावर तेच दोन शब्द लिहिले. न्यायाधीशांनी दोन्ही कागद शेजारी ठेवले. तोच वाकडा 'क', तसाच पडलेला 'ट'. वकीलही बघायला उठले आणि बघून परत बसले.

"पण मधला वेळ?" ते बसल्या बसल्या म्हणाले. "हात सुटला आणि मनगट धरलं, या मध्ये किती वेळ गेला ते कोण सांगणार?"

मग दाराशी उभा असलेला हवालदार खाकरला.

"साहेब, मी सांगतो. पण माझं लेखी म्हणणं जरा बदलावं लागेल."

"काय बदलायचंय?"

"मी सावध नव्हतो. जांभई देत होतो. बाईंनी हात सोडला तो जांभई सुरू झाल्यावर, आणि काच फुटली तेव्हा जांभई तोंडातच होती. माझं तोंड मिटायच्या आधी सगळं झालं. तेवढ्यात उताणं पडून, दगड शोधून, नेम धरून वरच्या मजल्यावर मारायचा, आणि वर बाईंचं मनगटही धरायचं, हे माणसाचं काम नाही."

"केवढी होती जांभई?" न्यायाधीशांनी गंभीरपणे विचारलं.

"मोठी होती साहेब, आदल्या दिवशी दुहेरी पाळी झाली होती. पण जांभईच होती." त्याने वहीवालीकडे बोट केलं. "आणि बाई खोटं लिहीत नाहीत. निदर्शकांपैकी एकाने माझा दात पाडला तेव्हाही त्यांनी तो छापला होता." पुरावा म्हणून त्याने दात दाखवला. नोंद घेणाऱ्या कारकुनाने मान खाली घातली आणि खांदे हलवत लिहीत राहिला.

पंधरा दिवसांनी निकाल लागला. दगड गोलातून आल्याचा पुरावा नाही, बावीसही जणींना कामावर घ्यावं, यंत्र आणि हातमोजे महिन्याच्या आत द्यावेत. हवालदाराला जांभईबद्दल लेखी ताकीद मिळाली. ती त्याने घरात चौकट करून लावली आहे म्हणतात. वहीवालीलाही जे मिळायचं ते मिळालं. दुसऱ्या पेपरने पहिल्या पानावर छापलं की तटस्थ म्हणवणाऱ्या बाई आंदोलकांच्या हातात हात घालून बसल्या होत्या. तिच्याच पेपरने खुलासा दिला आणि इस्पितळाच्या बातम्या दुसऱ्याकडे सोपवल्या. तिने खुलाशाचा मजकूर स्वतः लिहून दिला, कारण संपादकांचा फार लांब झाला होता. आठवडाभर ती कुणाशी धड बोलली नाही. मग एका दुपारी जुन्या वह्या काढून डावी पानं वाचत बसली, आणि वाचता वाचता तिच्या लक्षात आलं की लाज वाटावी असं एकही पान सापडत नाहीये. त्या फाटक्या पानाची तर तिला अजिबातच वाटत नव्हती. ती खाली दुकानात गेली आणि नवऱ्याला म्हणाली, "चहा टाक." तिची गाडी रुळावर आली हे त्याला कळलं.

महिना उलटल्यावर मोठीचा निरोप आला, हातमोजे आलेत, बघून जा. बातमी तिने लिहायची नव्हतीच, पण बघायला कोण अडवणार? लॉन्ड्रीत पिवळेधमक हातमोजे घातलेले हात कामाला लागले होते. यंत्राचा एक भाग यायचा होता, म्हणून पिळणं अजून हातानेच चालू होतं. मिरची ओल्या चादरीचं एक टोक धरून एकटीच उभी होती.

"ये, धर," ती म्हणाली. "माझी जोडीदार आज यायची आहे उशिरा."

वहीवालीने पिशवी खुंटीला लावली, वही आत ठेवली आणि दुसरं टोक धरलं. पीळ दिला, भार मागे टाकला. पाणी फरशीवर ओघळलं. समोरच्या रांगेत दोघी जणी हातमोजे घातलेल्या हातांनी एकमेकींचे गाल ओढून हसत होत्या, आणि हे दिसताच वहीवालीची बोटं नेहमीसारखी पेन्सिलीसाठी वळवळली. हात कानापर्यंत जायला निघालाच होता.

"सोडते," ती म्हणाली.

मिरचीने घाई केली नाही. आधी डावा पाय मागे घेतला, मग उजवा रोवला, टाच फरशीवर दाबून पाहिली, आणि वहीवालीकडे बघून म्हणाली, "हं."